जागा कोणाला सांगू नये

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठायच्या आदल्या आठवड्यात मिरकरवाडा बंदराचा वास बदलतो. दोन महिने तिथे नुसता ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा कुबट वास असतो. मग एका सकाळी ऑइलपेंट, नवा दोर आणि डिझेल असा तिहेरी वास टेकडी चढून आमच्या गच्चीपर्यंत येतो. नाकाला कळलं की माझ्या हातांना घाई सुटते. यंदाही सुटली. गच्चीवरच्या अँटेनाचे बोल्ट सोडवले, खाऱ्या हवेने तांब्यावर चढलेला हिरवा गंज खरवडला, जोडावर नवी टेप गुंडाळली. खाली कोणीतरी इंजिन चालू करून बघत होतं. आधी खोकला, मग धूर, मग एकदम ठकठक सुरू. साठी उलटलेल्या बाईने गच्चीवर एकटीने टाळ्या वाजवणं शोभत नाही, पण मी वाजवल्या.

ते इंजिन ऐकलं की मला तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. नारळी पौर्णिमेला सुरू झालेला आणि हस्ताच्या गडगडाटात संपलेला. संपलेला म्हणजे माझ्यापुरता. समुद्रावर काहीच संपत नाही.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांनी जाळलेले मीटर दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, पण हाताला एक चटक लागली. हौशी रेडिओची परीक्षा दिली, परवाना काढला, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल गुंडाळून ठेवली आणि गच्चीवर अँटेना उभी केली. तेव्हापासून रोज सकाळी सातला चिपळूणच्या दिगंबरशी बोलायचं. दिगंबरचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात पाणी शिरून शिरून तो शहाणा झालाय, म्हणून त्याचा रेडिओ माळ्यावर असतो, जोडीला गाडीची बॅटरी. वाशिष्ठी नदी चढली आणि फोन बंद पडले की तो माळ्यावरून निरोप सांगतो, मी इथे लिहून घेते आणि ज्याचे त्याला पोचवते. मंडणगडकडच्या रेंज नसलेल्या एका वाडीत आम्ही दोघांनी शाळेपासून दवाखान्यापर्यंत बोलायची सोय करून दिली होती. लोक विचारतात, यातून तुम्हाला काय मिळतं? मी सांगते, झोप लागते. कोणाला पटत नाही.

त्या वर्षी नेमकं कशाने सुरू झालं, तर बांगड्यांनी. जेटीवर हसीनाभाभी मासे विकायला बसते. तिचा नवरा याकूबभाई एका लहान बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा आणि मासे कुठे आहेत ते ठरवणारा. बरोबर तीन खलाशी. मी बांगडे घेत होते आणि भाभी मोजता मोजता समुद्राकडे बघत होती. घरी येऊन पाहते तर सांगितल्यापेक्षा चार बांगडे जास्त. परत द्यायला गेले तर ती हसली. म्हणाली, "बाय, मोबाइल थोडा अंतर गेला का मरतो. मंग बोट दिसंपातूर माजा ध्यान माशावर नसता. रोज कोनाला तरी जास्ती जातत. खा तू."

चार बांगडे खाल्ले आणि त्यांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. मोठ्या ट्रॉलरवर यंत्रं असतात. लहान बोटींचं काय? त्या दिसेनाशा झाल्या की त्यांच्या बायका मासे मोजायला चुकतात, एवढीच त्यांची नोंद. सकाळी सातला दिगंबरला हे सांगितलं. तो नेहमीसारखा आधी "नाय जमणार" म्हणाला आणि दुपारपर्यंत त्याने आकृती काढून पाठवली.

आमच्या परवान्याच्या लहरींवर परवाना नसलेल्याशी बोलता येत नाही, तो नियम आहे आणि मी नियमाची बाई आहे. म्हणून आम्ही परवाना न लागणारी लहर घेतली. तिच्यावर गप्पा मारता येत नाहीत, पण चार आकडे लांबवर जातात. हातभर प्लास्टिकच्या पाइपात जागा ओळखणारी चकती, छोटा रेडिओ, बॅटरी, दोन ओळींचा काचेचा पडदा, एक हिरवं बटण आणि एक लाल. दर पाच मिनिटांनी पेटी आपण कुठे आहोत ते सांगणार, माझी गच्ची ते ऐकणार, आणि गरज पडली तर त्या पडद्यावर चार आकडे पाठवणार. पहिल्या पेटीत पाणी शिरलं. दुसरीत शिरलं नाही, पण आतल्या आत वाफ धरून घाम फुटला. तिसरी मी आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. नवरा अंघोळीला गेला की बादली विचारायचा. तिसरी टिकली. मग अशा चौदा केल्या. स्वयंपाकघराला राळेचा वास, आमटीला राळेचा वास, आणि माझ्या बोटांवर सोल्डरिंगचे डाग. आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच होते.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या. जेटीवरच्या चहाच्या टपरीत आम्ही एक जुना टीव्ही टांगला होता. त्यावर निळा समुद्र आणि त्यात चौदा ठिपके, प्रत्येकाखाली बोटीचं नाव. ठिपके एकेक करत बंदराबाहेर सरकले तशा बायका चहा विसरून पडद्याखाली गोळा झाल्या. भाभीने पाटी खाली ठेवली आणि बोट लावून लावून याकूबभाईचा ठिपका दाखवला. मला वाटलं, झालं, जिंकलो. दिगंबरला मी त्या दिवशी दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी ठिपके जमिनीवर आले.

याकूबभाईची बोट मच्छी मार्केटमागे उभी. सदाशिव तांडेलाची बोट नारळाच्या बागेत. एक बोट मारुतीच्या देवळापाशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलायला तयार नाही. प्रत्यक्षात बंदर रिकामं, बोटी समुद्रात. मी दोन दिवस चूक शोधली. दिगंबरने प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला, मी गच्चीवरची वायर बदलली. शेवटी वैतागून, पडद्यावर जिथे याकूबभाईची बोट दिसत होती तिथे चालत गेले. ते त्याचं घर निघालं. आत स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपावर, माझी पेटी इमानदारीने दर पाच मिनिटांनी बोलत बसलेली.

याकूबभाई नुकताच समुद्रावरून घरी आला होता. त्याने लाजायचं सोडून मलाच झापलं. "बाय, तुजी मशीन चांगली हाय. पन ती मना उघडी करते. पैल्याच दिवशी मना सरंगा गावला. दुसऱ्या दिवशी जातंव तर सात बोटी माज्या आदी थय उभ्या. टीव्हीवर बगून इले! माज्या बापाने मरताना मना येक जागा सांगितलान, ती पन उद्या अशीच जायची. माज्या भावाला ठाव नाय."

मी तिथेच पिंपाला टेकून बसले. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. तांडेल तिन्हीसांजेला जेटीवर उतरला आणि कोणी विचारलं की मासे कुठे गावले, तर तो दक्षिणेला गेला असेल तर उत्तरेकडे बोट दाखवतो. हे खोटं धरत नाहीत, ही रीत आहे. जागा कोणाला सांगू नये. कुठल्या डोंगराच्या नाकाशी कुठला मिनार आला की जाळं टाकायचं, ही खूण बापाकडून मुलाकडे जाते, आणि मी ती चहाच्या टपरीत टांगली होती. सात बोटी एका जागी लोटल्या यात माझी अक्कल किती, ते मला त्या तांदळाच्या पिंपापाशी कळलं. राग याकूबभाईचा नाही, माझाच आला. आणि तरी हसू आवरेना, कारण चौदा तांडेलांनी एकमेकांना न विचारता तीच युक्ती केली होती.

मग सगळं नव्याने केलं. टपरीतल्या पडद्यावरचा समुद्र काढून टाकला. तिथे फक्त बोटींची नावं आणि प्रत्येक नावापुढे दिवा. पेटीचा आवाज आला की हिरवा, अर्धा तास आला नाही की विझलेला. जागा मात्र कुलुपात. त्या कुलपाचा नंबर तांडेलाने एकाच माणसाला द्यायचा, ज्याला हवा त्याला. मलाही नाही. मी बघूच शकणार नाही असा प्रोग्राम दिगंबरने लिहिला आणि तांडेलांसमोर मी तीनदा चुकीचे नंबर टाकून तो उघडत नाही हे दाखवलं. खरा नंबर पडला की मात्र सगळं उघडणार, सकाळपासूनचा पूर्ण माग. समुद्रात अडचण आली तर लाल बटण दाबायचं, म्हणजे पडद्यावर तोच माग सगळ्यांना दिसेल.

सदाशिव तांडेल तेवढा बधला नाही. दाट मिशांचा, कमी बोलणारा माणूस, बायको मुलाकडे मुंबईला. तो म्हणाला, "पेटी नेतंय. नंबर कोनाला देनार नाय." नंबर कागदावर लिहून त्याने तो खिशात घातला. मी वाद घातला नाही. पेटी तांदळात बसण्यापेक्षा बोटीवर बसलेली बरी.

याकूबभाईने नंबर भाभीला दिला. ती दुसऱ्या दिवशी मला जेटीवर गाठून कानात म्हणाली, "लगनाला सव्वीस वर्सा झाली. हा मानूस खय जातो ता मना पैल्यांदा कळला." पदराआड फोन धरून ती नवऱ्याचा ठिपका बघायची आणि नवीन नवरीसारखी लाजायची. बांगडे मात्र आता बरोबर मोजून द्यायला लागली, त्यामुळे आमचं थोडं नुकसानच झालं.

भाद्रपद असा गेला. सरीवर सर, मध्येच कडक ऊन, गच्चीवर वाळत घातलेले राळ लावलेले पाइप आणि शेजारी पापडही. गौरी-गणपतीत बोटी बंदरात रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा मी प्रत्येकीवर चढून पेट्या पुसल्या. मीठ आतपर्यंत जातं. बिजागरीत, स्क्रूच्या आट्यात, माझ्या चष्म्याच्या काडीत. मला त्या दिवसांतलं सगळ्यात काय आवडायचं सांगू? सकाळी टपरीत उभं राहून चौदा हिरवे दिवे मोजणं. देवळात जाऊन मन भरतं म्हणतात, माझं तिथे भरायचं.

हस्त लागला आणि पाऊस घाटावरून यायला लागला. हा पाऊस समुद्राकडून येत नाही. सकाळ लख्ख जाते, दुपारी पूर्वेला काळं उठतं, ढग गुरगुरतात आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. त्या दिवशी बाराच्या आतच पूर्व काळी झाली. बोटी भराभर परत आल्या. मी टपरीत होते. एकेक बोट लागत गेली, तेरा झाल्या. याकूबभाईची नव्हती. दिवा मात्र हिरवा.

"हिरवा हाय म्हंजे बरा हाय ना?" भाभीने विचारलं.

हिरवा म्हणजे पेटी बरी आहे. माणसं बरी आहेत की नाहीत ते पेटीला कळत नाही. हे मी तिला कसं सांगणार होते? मी म्हटलं, भाभी, नंबर टाकून बघ. तिने फोन उघडला, बघितलं, आणि तो माझ्या हातात दिला.

सकाळपासूनचा माग त्यावर होता. आधी सरळ रेघ, मग एका जागी घोटाळलेली गुंतवळ, तीच ती बापाने सांगितलेली जागा. आणि अकरापासून त्या गुंतवळीतून निघालेली बारीक रेघ, पश्चिमेकडे, हळू, अगदी हळू. इंजिनवर चाललेली बोट अशी जात नाही. बोट वाहत होती. जमिनीपासून लांब, वारा नेईल तिकडे. अजून सात-आठ मैल अशीच गेली असती तर माझ्या गच्चीलाही तिचं बोलणं ऐकू आलं नसतं. मग हिरवा दिवा विझला असता, आणि पुढे अंधार पडेपर्यंत कोणी कुठे शोधायचं? लाल बटण त्याने दाबलं नव्हतं.

मी भाभीला सगळं स्पष्ट सांगितलं. समुद्रातल्या मदतीच्या सरकारी फोनवर कळवलं, पण त्यांची बोट लांबच्या बंदरातून निघणार होती. जवळची चांगल्या इंजिनाची बोट एकच, सदाशिव तांडेलाची. ती अजून भिजलेल्या दोरासकट जेटीला लागलेली. त्याला पोचायचं तर पूर्ण माग दाखवायला हवा होता, वाहण्याची दिशा त्यातूनच कळत होती. आणि माग दाखवायचा म्हणजे जागा दाखवायची. त्यालाच, ज्याला याकूबभाईने ती उभ्या जन्मात दाखवली नसती. त्याच्या मागे टपरीत अख्खी जेटी उभी होती.

भाभीने एक क्षणही घेतला नाही. मला वाटलं होतं ती रडेल. तिने फोन माझ्या हातातून ओढला, सदाशिवच्या नाकासमोर धरला आणि ओरडली, "बग! हय व्हता माजा घो, आनि आता हय हाय. समद्यांनी बगा! जागा गेली उडत. मना मानूस हवा!"

सदाशिवने फोनकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि धावत सुटला. त्याचे खलाशी जेवायला गेले होते, तर दुसऱ्या बोटींवरचे दोघे न विचारता त्याच्या बोटीत उडी मारून चढले.

मी भाभीला घेऊन गच्चीवर पळाले. पळाले म्हणजे या गुडघ्यांनी जे जमलं ते. मोबाइलच्या पलीकडे सदाशिवला गाठायला त्याच्या पेटीचा दोन ओळींचा पडदा एवढंच माझ्याकडे होतं. दर पाच मिनिटांनी याकूबभाईची पेटी नवे आकडे सांगायची, शेजारी बसून भाभी ते मोठ्याने वाचायची, मी ते सदाशिवच्या पडद्यावर पाठवायचे. वीज गेली, बॅटरीने धरलं. विजांच्या कडकडाटात अँटेनापाशी बसायचं नसतं हे मी गावभर मुलांना शिकवते. त्या दिवशी बसले. एकदा याकूबभाईची पेटी दोन वेळा ओळीने गप्प राहिली. माझ्या खांद्यावरचा भाभीचा हात जड झाला. मला तेव्हा भीती वाटली, खरीखुरी. मग आकडे परत आले.

सदाशिवचा माग भाभीला दिसत नव्हता, मलाही नाही. त्याचा नंबर त्याच्या खिशात होता. आम्हाला फक्त पुढे सरकणारं घड्याळ दिसत होतं. सव्वातीनला याकूबभाईची रेघ थांबली. पाच मिनिटं गेली. पुढचा ठिपका आला तो पूर्वेकडे. त्याच्या पुढचा आणखी पूर्वेकडे, सरळ, दोर बांधून ओढल्यासारखा. आणि सदाशिवच्या पेटीवरून हिरव्या बटणाची खूण आली, त्याने ते बटण एकदा नाही, पाच वेळा दाबलं होतं. "सगळे ठीक" असा त्याचा अर्थ. भाभीने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. तो तसाच वाकडा आहे, मी सरळ करून घेतलेला नाही. खालून जेटीवरून ओरडा ऐकू आला, कारण टपरीतल्या पडद्यावरही ती खूण गेली होती. मी दिगंबरला हाक मारली आणि निरोपाऐवजी हुंदकाच गेला. पलीकडून तो म्हणाला, "कळलं. रड आता खुशाल."

दिवेलागणीला दोन बोटी एका दोराने बांधून आल्या. इंजिनाचा गिअर अडकला होता, नांगर धरत नव्हता. चौघंही भिजून चिंब, पण धडधाकट. बटण का दाबलं नाहीस, असं मी याकूबभाईला सगळ्यांसमोर विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "वाटला, आता चालू व्हईल इंजिन, मंग व्हईल." भाभीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिथेच त्याच्या ओल्या सदऱ्यात तोंड घालून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं म्हणता? सगळ्या बोटी याकूबभाईच्या जागेवर गेल्या. लाज न बाळगता. माणुसकी वेगळी, मासळी वेगळी. याकूबभाई मेकॅनिकच्या दारात बसून दोन दिवस सगळ्यांच्या नावाने शिव्या मोजत होता. तिसऱ्या दिवशी इंजिन झालं आणि तो नवी जागा शोधायला गेला, आणि महिन्याभरात त्याला ती गावली. कुठे, ते मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात सदाशिव तांडेल माझ्याकडे टेकडी चढून आला. दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला. खिशातून तो कागद काढला, घामाने मऊ झालेला. "बाई, माजा नंबर हसीनाकडं ठेवा," म्हणाला. मी विचारलं, हसीनाभाभीकडे? याकूबच्या बायकोकडे? "व्हय," तो म्हणाला. "ती वेळेला उगडते. तवरपातूर उगडत नाय, ता पन बगितलंय मी." आणि वळून उतरायला लागला.

मग बाकीचेही आले. ज्यांच्या बायका मुंबईला, ज्यांचं लग्न व्हायचंय, आणि ज्यांचं झालंय पण भरवसा भाभीवर जास्त आहे, असे सगळे. आज तिच्याकडे अकरा बोटींचे नंबर आहेत. मिरकरवाड्यातल्या लहान बोटींना कुठे काय गावतं, हे अख्ख्या रत्नागिरीत तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आणि ती एका शब्दाने कोणाला सांगत नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही. मी नव्या पेट्या करते आहे, दिगंबरने प्रोग्राम पुढे नेलाय, शेजारच्या बंदरातून तांडेल बघायला येतात. आम्ही दोघांनी आयुष्यात खूप वायरी जोडल्या, पण याच्याइतकं नीट काही जुळलं नाही.

यंदा बंदी उठल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पेट्या लावून देत जेटीवर होते. याकूबभाई बोटीत उभा होता, दोर हातात. काल पहिल्यांदा समुद्रात गेलेल्या चार बोटींना सुरमई गावली होती आणि ती कुठे, ते भाभी जाणत होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे. मग त्याने सगळ्यांसमोर, मोठ्या आर्जवाने तिलाच विचारलं, "हसीना, आज खय जाव गो?"

भाभीने पाटीतला बर्फ सारखा केला, वर न बघता म्हणाली, "खय पन जा. सांजचा घरी ये."